चौथा राब

जमादार राबाच्या कडेला उभा राहिला, टोपी काढून त्यानं घाम पुसला आणि आमच्या अख्ख्या गावाला एकच प्रश्न विचारला, "हे तुम्ही जाळणारच होता ना? मग जळलं, तर नुकसान काय झालं?"

सगळं गाव गप्प. आमचं गाव म्हणजे दोन माणसं बोलायला लागली की डोंगरावरची वानरं कानात बोटं घालून पलीकडच्या खोऱ्यात निघून जायची, असलं. ते गाव गप्प. शेवटी पोलीस पाटलाला कंठ फुटला.

"सायेब, तुमचं लगीन हुयाचंच हुतं न्हवं? पर पाळन्यात असतानाच लावलं असतं, तर?"

हे जमादाराला पटलं की नाही, देव जाणे. त्यानं ते लिहून घेतलं नाही एवढं खरं.

मुळशीकडच्या माणसाला राब सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. भाताचं रोप आधी एका तुकड्यात दाट वाढवायचं आणि मग उपटून शेतभर लावायचं. त्या तुकड्याची जमीन पावसाआधी भाजून घ्यावी लागते. खाली शेण, त्यावर झाडांचा तोडलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा, वर मातीचा पातळ हात. हे अंथरून ठेवायचं आणि वैशाख सरता सरता, पाऊस डोंगरामागं येऊन ठेपला की पेटवायचं. तेही वाऱ्याच्या उलट्या अंगानं, म्हणजे आग धावत नाही, रांगते. तण मरतं, राख जागेवर बसते. हा राब. पौषापासून चार महिने बायका डोईवर भारे वाहतात तेव्हा एक राब होतो. माझी उंची लग्नात पाच फूट होती. आज जी काय उरलीय ती बघा आणि बाकीची राबात गेली असं समजा.

आता हाच राब कुणी चैत्रात पेटवला, तर? वैशाखाच्या वावटळी राख उचलून नेतात. जमीन उघडी पडते, पेरलेलं बी तणात गुदमरतं, आणि त्या घराला वर्षभर भात नाही. म्हणजे कुणाचं घर बुडवायचं तर घराला हात लावायला नको. जे जळायचंच आहे ते महिनाभर आधी जाळायचं. असला गुन्हा पुण्याच्या वकिलाच्या डोक्यात सात जन्मांत येणार नाही. त्याला भात खाऊनच माहीत.

ही गोष्ट साठ सालच्या थोडी अलीकडची की पलीकडची, ते आता सांगता येत नाही. रिह्याच्या खोऱ्यात सून होऊन आल्याला मला चार पावसाळे झाले होते. घरात मामंजी, आत्याबाई, आमचे हे आणि मी. मामंजी म्हणजे सासरे, दिलदार माणूस. दुसऱ्याच्या खळ्यावर बसून आपल्या घरचं वाटून टाकणारे. आत्याबाई म्हणजे सासूबाई. त्या बोलायच्या कमी. इतक्या कमी, की एकदा त्या जेवताना "मीठ" म्हणाल्या तर मामंजी दचकून ताटावरून उठले.

पहिल्याच वर्षी राब भाजायच्या दिवशी आत्याबाई मला घेऊन पहाटेच शेतावर गेल्या. आमचं शेत ओढ्यापलीकडं, एका बाजूला. पेटवायच्या आधी त्या अख्ख्या राबातून सावकाश फिरल्या, खाली बघत, जशी नाकातली पडलेली मोरणी शोधावी. एका जागी थांबल्या. ढेकळांत टिटवीची चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. आत्याबाईंनी कुदळीनं त्यांच्या भोवतीचा पाला दोन हात ओढून काढला, उघड्या मातीचं गोल कडं केलं आणि कळशीतलं पाणी त्या कड्यावर शिंपडलं. सगळा राब जळाला, कडं तेवढं राहिलं. संध्याकाळी टिटवी परत अंड्यांवर.

"कुनाला सांगू नगं," त्या मला म्हणाल्या. "म्हनतील, थेरडी टिटव्या पाळतीया."

टिटवी आमच्याकडं वाईट. ती घरावरून ओरडत गेली की म्हातारी माणसं थुंकायची. म्हणून हे कडं करायचं काम आत्याबाई गुपचूप करायच्या. ते मामंजींना ठाऊक नव्हतं, यांनाही नव्हतं. ते मला ठाऊक होतं. पुढं सगळं अडलं ते या एका गोष्टीपाशी.

ओढ्याच्या बांधावर आमचं ऐनाचं झाड होतं. एवढं मोठं, की त्याची सावली सकाळी आमच्या शेतात आणि संध्याकाळी पार पलीकडच्या कासारसाई गावात पडायची. त्याच्या एका आडव्या फांदीला आत्याबाईंच्या सहा लेकरांच्या झोळ्या बांधल्या गेल्या होत्या. सहातली तीन जगली. झोळीच्या दोरानं फांदीला बोटभर खोल चर पडलेला. लावणीच्या दिवसांत आत्याबाई भाकरी खायला त्याच फांदीखाली बसायच्या आणि उठताना हात वर करून त्या चरातून बोट फिरवायच्या. जोंधळा निवडताना बोट फिरतं तसं, सहज.

त्या पौषात आत्याबाई लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेल्या. इकडं तीन घरांना टहाळ कमी पडला. मामंजी म्हणाले, "आमचा ऐन तोडा की! चौघांत वाटून घिऊ." आता टहाळ तोडायची आमच्याकडं रीत आहे. झाडाचा शेंडा राखायचा. वरचा हिरवा तुरा सोडायचा, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. त्या दिवशी कोयते लई धारदार होते, की माणसं लई उतावीळ होती, कोण जाणे. शेंडाही खाली आला. कुणी तोडला? तिघांनी तिघांकडं बोट दाखवलं, मामंजींनी आभाळाकडं. चार ढीग झाले. तीन ढीग तीन घरांच्या राबात गेले, चौथा आमच्या.

आत्याबाई परत आल्या, बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. बांधावर नुसता खांब उभा होता, बोटं तोडलेल्या हातासारखा.

"शेंडा?" त्यांनी विचारलं.

"फुटंल की!" मामंजी म्हणाले. "झाडच हाय त्ये. चार सरी पडू द्या."

फाल्गुन सरला, आसपासच्या झाडांना लाल कोंब दिसू लागले. ऐनाची साल हातानं निघायला लागली. झाड वठलं. त्या झाडाचा पंचनामा करायला कुणी आलं नाही.

पहिला राब जळाला तो जत्रेच्या दुपारी. शेजारगावची जत्रा, सगळं गाव तिकडं. आत्याबाई तेवढ्या गुडघ्याचं निमित्त करून घरी. परत येऊन बघतो तर ओढ्याकडच्या घराचा राब म्हणजे काळी चादर, आणि वारा तिची टोकं उचलून बघतोय. घरातली बाई त्या राखेवर आडवी पडली. आपल्या अंगानं राख दाबून धरायला. चौघींनी ओढली तरी उठेना. मी पुष्कळ गोष्टी वाढवून सांगते, ही वाढवलेली नाही.

दुसरा जळाला तो गावातल्या एका लग्नाच्या दुपारी, ऐन मंगलाष्टकांत. "सावधान" म्हणताच कुणीतरी ओरडलं "धूर!" आणि मांडवात भटजी आणि वाजंत्री तेवढे उरले. नवरदेवसुद्धा मुंडावळ्यांसकट आपल्या राबाकडं पळाला.

मग गावाला भीती बसली. भीतीचा आवाज नसतो म्हणतात, पण आमच्याकडं तो ऐकू यायचा: दुपारी भर उन्हात माणसं आपापल्या राबाच्या कडेला काठी आपटत बसायची. टक, टक, टक. सगळं खोरं ठोक्यावर चाललेलं. त्याहून वाईट म्हणजे विस्तव बंद झाला. त्या काळी काडेपेटी जपून वापरायची वस्तू. पहाटे ज्या घरची चूल आधी पेटेल तिथून शेजारीण खापरीत इंगळ घेऊन जायची, तिच्याकडून तिसरी. एका इंगळावर आळीच्या आळी पेटायची. आता कुणी विस्तव मागेना आणि मागितला तर देईना. "कशाला पायजे गं?" असं विचारायच्या बायका, ज्यांनी एकमेकींची पोरं पाजली होती त्या.

तिसरा राब तर राखणदाराच्या डोळ्यांदेखत पेटला. घरधनी स्वतः छत्री उघडून कडेला बसलेला. चारी बाजूंना चिटपाखरू नाही, आणि राबाच्या पलीकडच्या टोकाला धुराची एक दोरी सरळ वर चढली. "आपुआप पेटला," तो सांगायचा. "आपुआप! म्या बगितलं!" त्या दिवसापासून त्याची वाचा अडखळायला लागली, ती मरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून जमादार आला आणि त्यानं तो मघाचा प्रश्न विचारला. आम्ही बायका बांधावर पदर तोंडाशी धरून उभ्या होतो. जमादार राखेतून चालला आणि मध्येच थांबला.

"हे काय?"

काळ्या राखेच्या मधोमध एक गोल होता. उघड्या मातीचं कडं, आणि आत टिटवी बसलेली. जमादाराचे बूट बघून ती उडाली, डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. खाली चार अंडी, शाबूत.

"म्हसोबानं राखली!" कुणीतरी हात जोडले. सगळ्यांनी जोडले. मीही जोडले, पण नजर त्या गोलावरच ठेवून.

कडं दोन हातांचं होतं. कुदळीनं ओढलेलं.

मग एकेक आठवायला लागलं. जत्रेदिवशीचा गुडघा. लग्नात अक्षतांआधीच उठून गेलेल्या आत्याबाई. आणि कालच्या दुपारी डोईवर गोवऱ्यांची पाटी घेऊन त्या राबावरून गेल्या होत्या. गोवऱ्या वाहणाऱ्या म्हातारीकडं कोण बघतं? छत्रीवाल्यानं तर तिला रामराम घातला असेल. जाड गोवरीला कडेनं विस्तव लावून ठेवला की ती तासभर आतल्या आत धुमसते, धूरही कळत नाही. माणूस घरी जाऊन भाकरी थापायला बसतं, मग तिकडं पेट घेतं. कडं आदल्या सांजेलाच करून ठेवलं असणार.

तीन राब. ज्या तिघांत ऐनाचा टहाळ होता ते तीन. चौथा आमचा.

एवढ्यात गावकऱ्यांनी चोर आणला. डोंगरात कोळशाची भट्टी लावणारा एक गरीब माणूस. मागल्या पावसाळ्यानंतर बायकोसकट आलेला. आगीचा धंदा त्याचा, मग आग दुसऱ्या कुणाची असणार? चार जणांनी त्याला दंडाला धरून चावडीत बसवला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं.

"सायेब, मी कोळसा करतो," तो म्हणाला. "आग मातीखाली दाबून ठिवायची, ही आमची इद्या. राख झाली तर आमचंच पोट जळतंय. राख कुनी इकत घेतं व्हय?"

"लई शाना हाय," गर्दीतून आवाज आला. "आता चौथा पेटवून दाखव म्हनावं!"

जमादार हसला. "जेवण झालं की याला घेऊन निघू. बघा, याच्यामागं तुमचा एकही राब जळणार नाही."

तो पोलीस पाटलाच्या घरी कोंबडीच्या जेवणाला थांबला. कोळसेवाल्याची बायको चावडीच्या पायरीशी बसली. ती रडत नव्हती, नवऱ्याच्या वहाणा मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याला अनवाणीच ओढून आणला होता.

मी घरी आले. मामंजी आणि हे चावडीवर, आत्याबाई धुणं घेऊन ओढ्यावर. चुलीच्या कोपऱ्यात एक गोवरी वेगळी ठेवलेली होती. तळहाताएवढी जाड, खडखडीत वाळलेली, निवडून काढलेली.

त्यांना घाई नव्हती. त्यांना कधीच घाई नसायची. आज ना उद्या, सगळे विसरले की, ही गोवरी आमच्या राबात जाणार होती. पण तोवर तो माणूस कोठडीत असता आणि त्याच्या वहाणा तिच्या मांडीवर. तोंड उघडावं, तर आत्याबाई चावडीच्या त्याच पायरीवरून जमादारामागं उतरल्या असत्या, आणि ज्यांचे राब जळाले होते त्या बायांनी त्यांचं काय केलं असतं ते मला विचार करूनही बघवत नव्हतं. मला जमादाराच्या कोंबडीपुरता वेळ होता. ती कोंबडी वयानं पोलीस पाटलाहून थोरली असेल तर बरं, अशी मी देवाची प्रार्थना केली.

माणूस कोंडलेला असताना चौथा राब जळाला, तर चोर तो नव्हे. आणि स्वतःच्या घरचा राब कोण जाळतं? त्या घरावर संशय घ्यायला माणूस वेडाच हवा.

मी ती गोवरी उचलली, कडेला इंगळ लावला, पाटीत वर चार गोवऱ्या ठेवल्या आणि निघाले. चोर सापडला म्हणून सगळे राब बेवारस. काठ्या आपटायच्या थांबलेल्या. इतकं शांत, की पाटीतली गोवरी जळताना मला डोईवर ऐकू येत होती.

वारा बघितला. उलटं अंग बघून टोकाशी वाकले, तर पाल्यातून एक जाड फांदी वर आलेली दिसली. तिला बोटभर चर होता.

ती तशी ठेवून पेटवणं मला जमेना. ओढायला गेले तर वर चार भारे टहाळ. मी एक पाय रोवून ओढलं, मातीत पडले, पुन्हा ओढलं. डोक्यावर काहीतरी ओरडत होतं, पण कानांत माझाच श्वास एवढा वाजत होता की मी वर बघितलंच नाही. फांदी निघाली. गोवरी पाल्यात खुपसली, फांदी खांद्यावर घेऊन करवंदीच्या जाळीमागून घर गाठलं, ती गोठ्याच्या माळ्यावर टाकली आणि भांडी घासायला बसले. एकच भांडं किती वेळ घासलं म्हणता? त्याला भोकच पडायचं, तेवढ्यात ओरड झाली. "धूर! ओढ्यापल्याड धूर!"

जमादार खरकट्या हातानं धावला. मामंजी धावले. आमचे हे धावता धावता दोनदा पडले. मी पोचले तेव्हा आग रांगत रांगत शेवटच्या कोपऱ्याला गेली होती. माती टाकायला हातभर जागा उरली नव्हती. मामंजी बांधावर बसले आणि वठलेल्या ऐनाला पाठ टेकून लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

जमादारानं बराच वेळ मिशी चोळली. मग पोलीस पाटलाला म्हणाला, "सोडा त्याला."

कोळसेवाला सुटला. त्यानं वहाणा पायात घातल्या नाहीत, हातात घेतल्या, आणि नवरा-बायको डोंगराकडं निघून गेले. भट्टी तशीच मातीखाली धुमसत सोडून त्या रात्रीच ते दुसऱ्या खोऱ्यात गेले असं पुढं कळलं.

जमादार पंचनाम्याला राखेत शिरला आणि मागं सरला. त्याच्या टोपीवर टिटवी झेपावत होती. एकदा, दोनदा, पाच वेळा. ती कशी ओरडत होती ते मला अजून सांगता येत नाही. राखेत चार अंडी होती. काळी, तडकलेली. भोवती कडं नव्हतं.

आत्याबाई ओढ्यावरून ओलं धुणं खांद्यावर घेऊन आल्या. त्यांनी जळलेला राब बघितला. मग ती अंडी बघितली, बराच वेळ. मग गर्दीत एकेक तोंड बघत बघत त्या माझ्यापाशी आल्या आणि माझ्या कोपरांना लागलेली माती बघून थांबल्या. धुणं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि घराकडं वळल्या.

त्या वर्षी गावानं रीतीप्रमाणं चारी जळित घरांना मूठ-मूठ रोप दिलं. ज्यांचे राब वाचले होते त्यांनी आपल्यातून उपटून दिलं. निम्मं शेत लागलं, निम्मं पडीक राहिलं. वरी-नाचणीवर वर्ष काढलं. पाचवा राब जळाला नाही. विस्तव हळूहळू पुन्हा दारोदार फिरायला लागला, पण "कशाला पायजे गं?" हा प्रश्न काही बायकांच्या जिभेला चिकटला तो चिकटलाच.

त्या संध्याकाळी मी घरात आले तेव्हा फांदी माळ्यावर नव्हती. ती चुलीत होती. आत्याबाई तिच्यावर भात शिजवत होत्या. आदल्या साली राखून ठेवलेला चांगला भात, सणाचा. टिटवी घरावरून ओरडत गेली, परत आली, परत ओरडली. मामंजी ओसरीवरून थुंकले.

आत्याबाईंनी मला जवळ बसवलं, ताट वाढलं, लाकूड आत सारलं. आणि चुलीकडंच बघत, मीठ मागावं तितक्या हळू म्हणाल्या,

"पेटवायच्या आदी राबातनं फिरायचं असतंय, पोरी. सांगितलं व्हतं न्हवं मी तुला?"